चॉसरचे यात्रेकरू आणि नाथांचीं सोंगें

इंग्रजी वाङ्मयावर वाढलेल्या आमच्या सुशिक्षित वर्गाच्या मनांत जुन्या मराठी कवितेविषयीं एक तक्रार पुष्कळ दिवस घर करून बसली आहे. तिचा मथितार्थ असा कीं, आमच्या जुन्या कवितेंत देव आहेत, भक्त आहेत, राक्षसहि आहेत, पण माणसें नाहींत. तींत करुणा आहे, शांति आहे, पण मोकळें हंसणें नाहीं. आणि समाजाकडे डोळे उघडून पाहणारा, त्याच्या ढोंगावर बोट ठेवणारा कथाकवि तर तींत शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. ही तक्रार करणारा गृहस्थ बहुधा जॉफ्रे चॉसरचें नांव पुढें करतो आणि विचारतो, "असा एक तरी कवि तुमच्याकडे दाखवा पाहूं!" प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचें उत्तर पैठणास नाथांच्या वाड्यांत साडेचारशें वर्षें पडून आहे, आणि तें न पाहण्याचा दोष मात्र आमचा आहे. या लेखांत चॉसर आणि एकनाथ या दोघांस शेजारीं शेजारीं बसवून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. कोण थोर आणि कोण धाकटा हें ठरविण्याचा आमचा हेतु नाहीं. हे दोघे कोणास हंसले, कसे हंसले, आणि त्यांच्या हंसण्यानें त्यांच्या समाजांत काय हाललें व काय जागच्या जागीं राहिलें, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

प्रथम चॉसर. त्याचा जन्म इ. स. १३४० च्या सुमारास लंडन येथील एका मद्यव्यापाऱ्याच्या घरीं झाला आणि १४०० सालीं तो वारला. त्याच्या बालपणीं १३४८-४९ ची प्रचंड मरी इंग्लंडावर येऊन गेली. तिनें गांवेंच्या गांवें ओस पाडलीं. पण जे मजूर वांचले त्यांची किंमत वाढली, आणि जमीनदाराच्या शेतावर वेठीनें राबणारा कुणबी मजुरीचा भाव विचारूं लागला. १३८१ सालीं शेतकऱ्यांचें बंड थेट लंडनच्या वेशींतून आंत शिरलें. चॉसर त्या काळीं आल्डगेट नांवाच्या वेशीवरील घरांतच राहत असे. पोटापाण्यासाठीं तो लंडन बंदरांत लोकरीच्या जकातीवर तपासनीस होता. १३७४ सालीं त्याची नेमणूक झाली तेव्हां हिशेबाच्या वह्या त्यानें स्वतःच्या हातानें लिहाव्या अशी अट घातलेली होती. दरबारची प्रतिष्ठित भाषा फ्रेंच, धर्माची भाषा लॅटिन, आणि बाजाराची व स्वयंपाकघराची भाषा इंग्रजी, असा तो काळ. न्यायालयांतील वादविवाद इंग्रजींत व्हावे असा कायदा १३६२ सालीं झाला होता, तरी थोर काव्य लिहावयाचें तर तें याच भाषेंत, असें कोणी गृहीत धरीत नसे. या जकातखात्यांतल्या कारकुनानें तें धरलें.

१३८७ च्या सुमारास त्यानें 'कँटरबरी कथा' लिहावयास घेतल्या. वसंत ऋतूंत लंडनलगतच्या साउथवर्क गांवीं टॅबर्ड नांवाच्या खाणावळींत एकोणतीस यात्रेकरू जमतात. त्यांस कँटरबरीस जावयाचें आहे. तेथें ११७० सालीं राजाच्या सरदारांनीं प्रार्थनामंदिरांत ठार मारलेल्या संत टॉमस बेकेटची समाधि आहे. खाणावळीचा धनी मोठा बोलका. तो सुचवितो कीं, वाट कंटाळवाणी आहे, तेव्हां प्रत्येकानें जातांना दोन आणि येतांना दोन गोष्टी सांगाव्या. ज्याची गोष्ट सर्वांत सरस ठरेल त्याला परत आल्यावर सर्वांच्या खर्चानें जेवण! या हिशेबानें सव्वाशेंच्या घरांत कथा व्हावयाच्या, पण कवीच्या हातून अवघ्या चोवीस झाल्या, आणि त्यांतल्याहि कांहीं अर्ध्यावर राहिल्या. तरी त्या पुरे आहेत. कारण खरी गंमत कथांपेक्षां कथा सांगणाऱ्यांत आहे.

त्या मंडळींकडे क्षणभर पाहावें. मठाची अधिकारीण जेवतांना ओठाचा स्निग्धपणा पेल्यास लागूं देत नाहीं आणि आपल्या लाडक्या कुत्र्यांस भाजलेलें मांस चारते. उंदीर सांपळ्यांत अडकलेला पाहून तिला रडूं कोसळतें, पण माणसांच्या दुःखाचा उल्लेख कवि तेथें करीत नाहीं. मठवासी साधु मठांत कमी आणि शिकारीच्या घोड्यावर अधिक असतो. भिक्षेकरी साधु देणगी चांगली मिळाली कीं प्रायश्चित्त हलकें करतो. वकील कामांत असतो त्याहून अधिक कामांत दिसतो. वैद्याला सोनें आवडतें, कारण सोनें हें हृदयास बळ देणारें औषध आहे ना! आणि सर्वांवर ताण करणारा तो पापमोचनाचीं पत्रें विकणारा. त्याच्या कांचेच्या भांड्यांत डुकराचीं हाडें आहेत आणि तीं तो संतांच्या अस्थि म्हणून भाबड्या खेडुतांस दाखवितो. यांत शिव्याशाप कोठेंच नाहींत. चॉसर प्रत्येकाची तोंडभर स्तुति करतो, आणि त्या स्तुतींतच एखादा असा तपशील ठेवून देतो कीं वाचकास स्तुतीचा उलगडा आपोआप व्हावा. उलट गरीब खेड्यांतला धर्मोपदेशक आणि त्याचा नांगऱ्या भाऊ यांजविषयीं लिहितांना मात्र त्याच्या लेखणींतला खोडकरपणा एकदम नाहींसा होतो. चांगला माणूस कसा असतो हें ठाऊक असल्यामुळेंच त्यास वाइटाची थट्टा करतां आली.

आतां आपल्या नाथांकडे वळूं. एकनाथांचा काळ सामान्यतः इ. स. १५३३ ते १५९९ असा धरतात. पैठण हें त्या वेळीं अहमदनगरच्या निजामशाहींत होतें. त्यांचे गुरु जनार्दनस्वामी हे दौलताबादेच्या किल्ल्यावरील अधिकारी, म्हणजे यवन राजाच्या नोकरींतले दत्तभक्त गृहस्थ. गुरूकडे असतां हिशेबाचें काम नाथांकडे होतें, आणि एका पैची चूक सांपडेपर्यंत त्यांनीं रात्र जागून काढली, ही आख्यायिका महाराष्ट्रांत लहान मुलांसहि माहीत आहे. इंग्लंडचा जकातनवीस आणि पैठणचा हा हिशेबनीस यांचें साम्य केवळ गमतीचें नव्हे. दोघांनींहि राज्ययंत्र आंतून पाहिलें होतें. कागद कसा हालतो, वसूल कसा होतो आणि कोठें मुरतो, हें दोघांसहि ठाऊक होतें.

भाषेचा प्रश्नहि दोघांपुढें एकच होता. पैठणांत धर्माची भाषा संस्कृत, कचेरीची फारसी, आणि मराठी ती घरची व रस्त्याची. नाथांनीं 'रुक्मिणीस्वयंवर' १५७१ सालीं आणि भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका १५७३ सालीं काशीस पुरी केली. संस्कृत पंडितांच्या गढींत बसून मराठींत भागवत सांगणें हा त्या काळीं लहान अपराध नव्हता. परंपरा अशी सांगते कीं, पंडितांनीं प्रथम विरोध केला आणि पुढें त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली. आख्यायिकेचा भाग सोडून दिला, तरी ग्रंथांतच नाथांनीं मराठीची बाजू ज्या तडफेनें मांडली आहे ती पाहतां विरोध काल्पनिक नव्हता हें उघड होतें. पुढें १५८४ सालीं त्यांनीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. विद्वत्तेंत ते कोणास हार जाणारे नव्हते. मग अशा पुरुषानें कोल्हाटणीचें, वाघ्याचें, भुत्याचें सोंग काव्यांत कां घ्यावें?

या प्रश्नाकडे जाण्यापूर्वीं आमच्या परिसराची एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. आम्ही राहतों तें भाईंदर. खाडी ओलांडली कीं वसई. गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगिजांस दिली ती १५३४ सालीं, म्हणजे नाथांच्या पाळण्याच्या काळांत. आणि चिमाजीअप्पानें ती घेतली १७३९ सालीं. नाथ पैठणांत भारुडें रचीत होते तेव्हां या किनाऱ्यावर परकी धर्मोपदेशक आपलीं मंदिरें उभारीत होते. त्याच सुमारास, १५७९ सालीं, चॉसरच्याच देशांतला टॉमस स्टीफन्स नांवाचा जेझुइट गोव्यास उतरला, मराठी शिकला, आणि १६१६ सालीं त्याचें 'ख्रिस्तपुराण' छापून निघालें. बायबलांतील कथा मराठी माणसाच्या कानांत उतरवावयाची तर ती ओवींतच सांगितली पाहिजे, हें त्या इंग्रजानें बरोबर ओळखलें. कथा सांगण्याचें आमचें जुनें साधन किती जिवंत होतें याची ही परक्याची साक्ष आहे. परंतु त्या ग्रंथाचा स्वर आरंभापासून अखेरपर्यंत गंभीर आहे. त्याच भाषेंतील हंसण्याची शक्ति पाहावयाची तर पैठणासच परत गेलें पाहिजे.

भारूड नाथांच्या पूर्वींहि होतें; ज्ञानदेवांच्या आणि नामदेवांच्या नांवावरहि अशा रचना आहेत. पण त्यास खरा पसारा दिला तो नाथांनीं. त्यांच्या भारुडांची संख्या तीनशेंच्या आसपास आणि त्यांचे विषय सव्वाशेंच्या आसपास भरतात. त्यांत कोण नाहीं? पहाटे दारावरून जाणारा वासुदेव आहे, भविष्य सांगणारा जोशी आहे, पिंगळा आहे, गोंधळी आहे, जोगवा मागणारी आहे. गारुडी, डोंबारी, कोल्हाटीण, वैदू, फकीर, महार आणि महारीण आहे. आंधळा, बहिरा, मुका, पांगळा आहे. सासू आहे, सून आहे, नवऱ्यास कंटाळलेली बायको आहे. माणसांनीं भागलें नाहीं म्हणून विंचू, एडका आणि कुत्रेंहि आहे. एखाद्या पुराणवस्तुसंशोधकास सोळाव्या शतकांतल्या मराठी गांवाचा रस्ता पुन्हां उभा करावयाचा असेल तर यापरतें दुसरें साधन त्यास क्वचितच मिळेल.

आणि हें सारें केवळ वाचावयाचें नव्हे. सोंगी भारूड म्हणणारा त्या त्या पात्राचा वेष घेऊन उभा राहतो, त्याच्या लकबीनें बोलतो, मध्येंच थांबून श्रोत्यांशीं चार शब्द बोलतो, लोक हंसूं लागले कीं हळूच खरा अर्थ सांगतो. विंचू चावल्याचा आक्रोश ऐकून मंडळी लोटपोट होतात, आणि मग त्यांस कळतें कीं हा विंचू म्हणजे काम आणि क्रोध. त्याचें विष उतरवावयास सत्त्वगुणाचें औषध पाहिजे. चॉसरचा वाचक दरबारांत किंवा घरांत बसून ऐकणारा होता. नाथांचा श्रोता अंगणांत मांडी घालून बसलेला होता, आणि त्यांतल्या पुष्कळांस अक्षरहि येत नव्हतें.

नाथांचा विनोद किती नेमका आहे हें पाहावयाचें तर त्यांची 'अर्जदास्त' घ्यावी. अर्जदास्त म्हणजे खालच्या अंमलदारानें वरिष्ठ सरकारास लिहिलेलें विनंतिपत्र. येथें परगणा आहे शरीराबाद आणि किल्ला आहे कायापुरी. शेकदार जिवाजी आणि कारकून बुधाजी हुजुरास कळवितात कीं, आम्ही कामावर रुजू झालों, पण येथील जमेदार मोठे दांडगे आहेत. सरकारचें काम चालूं देत नाहींत. त्यांचीं नांवें ऐका: दंभाजी शेट्ये, कामाजी महाजन, मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण, क्रोधाजी नायकवाडी! अर्जाचा थाट, मायने, फारसी शब्दांची पेरणी, सर्व अस्सल कचेरीचें. अखेर म्हातारपण येऊन परगणा ओस पडूं लागतो आणि यमाजीपंताचें बोलावणें येतें. अशींच अभयपत्रें, ताकीदपत्रें, जाबचिठ्ठ्या नाथांनीं लिहिल्या आहेत. आध्यात्मिक अर्थ स्पष्टच आहे. परंतु ज्या श्रोत्यानें खऱ्या देशमुखाकडे, खऱ्या शेट्याकडे, खऱ्या नायकवाडीकडे वसुलासाठीं हेलपाटे घातले होते, त्यास दंभ आणि क्रोध यांस हींच आडनांवें कां मिळालीं हें कोणीं समजावून द्यावयास नको होतें. पुढें छत्रपति शिवाजीमहाराजांच्या काळीं फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' झाला. त्याची निकड ज्या भाषेमुळें भासली, ती भाषा खेड्यापाड्यांत किती खोल गेली होती, याचा एक दाखला हें भारूड आहे.

स्त्रीपात्रें घ्या. चॉसरची बाथ गांवची बाई वाङ्मयांत अमर झाली आहे. ती कापड विणण्यांत तरबेज. तिनें पांच नवरे केले, तीन वेळां जेरुसलेमची यात्रा केली. पांचवा नवरा तिला बायकांच्या दुष्टपणाचें पुस्तक वाचून दाखवीत असे. तिनें त्याचीं पानें फाडलीं, त्यानें तिला मारलें, आणि त्या मारानें ती एका कानानें बहिरी झाली. ती विचारते कीं, पुस्तकें जर बायकांनीं लिहिलीं असतीं तर पुरुषांच्या दुष्टपणाचे केवढे पोथे भरले असते! आतां तिच्या शेजारीं नाथांची ती सून उभी करा, जी भवानीआईस रोडग्याचा नवस बोलते. तिचें मागणें सोपें आहे: सासरा, सासू, जाऊ, नणंदेचें पोर, एकेकाची वाट लाव, शेवटीं नवऱ्यालाहि घेऊन जा, म्हणजे मी एकटी मोकळी राहीन. टीकाकार सांगतात कीं, सासू-सासरा म्हणजे अहंकारादि विकार, आणि एकटी राहणें म्हणजे आत्म्याचें निःसंग होणें. तसें असेलहि. पण अंगणाच्या एका बाजूस पदर तोंडाशीं धरून बसलेल्या सुना हें ऐकून ज्या हंसत असतील त्या अहंकाराच्या निरसनासाठीं हंसत नसत, आणि नाथांस हें माहीत नव्हतें असें म्हणणें म्हणजे त्यांच्या बुद्धीचा अपमान होय. बाथची बाई स्वतःच्या पैशावर उभी होती म्हणून भांडूं शकली. आमच्या सुनेजवळ पैसा नव्हता, म्हणून तिनें देवीजवळ गाऱ्हाणें केलें. दोन समाजांतला फरक या दोन बायकांनीं आम्हांस जितका सांगितला, तितका एखादा जाडा इतिहासग्रंथहि सांगणार नाहीं.

लोभ हा दोघांच्याहि उपहासाचा आवडता विषय. चॉसरचा तो पापमोचन्या तीन गुंडांची गोष्ट सांगतो. त्यांस झाडाखालीं सोन्याची रास सांपडते. वांटणीच्या हांवेनें दोघे तिसऱ्यास भोसकतात, आणि त्यानें आधींच विष कालवून ठेवलेली दारू पिऊन आपणहि मरतात. या गोष्टीचें जुनें रूप पालींतील वेदब्भ जातकांत आहे. म्हणजे हें आमच्याच देशांतलें बीं हिंडत फिरत कँटरबरीच्या वाटेवर जाऊन उगवलें. नाथांनीं एकनाथी भागवताच्या तेविसाव्या अध्यायांत अवंतीच्या कदर्य ब्राह्मणाची कथा सांगितली आहे. मूळ संस्कृतांत त्याचा कृपणपणा थोडक्यांत आहे. नाथांनीं तो फुलविला आहे. शेती आणि व्यापार यांवर गबर झालेला हा ब्राह्मण पाहुण्यास गोड शब्दहि देत नाहीं, बायकामुलांस पोटभर घालीत नाहीं, आणि स्वतःचेंहि पोट मारतो. सर्वस्व गेल्यावर त्यास वैराग्य येतें, तो भिक्षु होतो, आणि गांवचे टवाळ त्याचा छळ मांडतात. तरी तो दोष कोणासहि देत नाहीं. येथें नाथांची रीत चॉसरहून वेगळी होते. चॉसरचा पापमोचन्या लोभाविरुद्ध उत्तम प्रवचन करून शेवटीं श्रोत्यांपुढें आपलीच पेटी धरतो. तो जसा होता तसाच राहतो. नाथांचा कृपण बदलतो. चॉसर माणूस दाखवून थांबतो, नाथांस तो माणूस हातांतून सोडवत नाहीं.

याहूनहि मोठा भेद दुसराच आहे. कँटरबरीच्या मंडळींत सरदारापासून पीठ दळणाऱ्या गिरणीवाल्यापर्यंत लोक आहेत, आणि ते एका पंक्तीस जेवतात. सरदाराची गोष्ट संपतांच दारू प्यालेला गिरणीवाला मान्यवरांस बाजूस सारून आपली अचरट गोष्ट दामटतो, आणि कोणी त्यास खालीं बसवूं शकत नाहीं. नाथांच्या पात्रांस अशी सामाईक वाट नाहीं आणि सामाईक पंक्ति तर नाहींच नाहीं. तीं एकेकटीं येतात, जशीं गांवांत येत असत, दारापर्यंत. मात्र चॉसरच्या यादींत ज्यास जागा नाहीं असा अगदीं तळचा माणूस नाथांकडे बोलतो. चॉसरचा नांगऱ्या सज्जन आहे, पण त्यास एकहि कथा मिळालेली नाहीं. सबंध प्रवासांत तो तोंड उघडीत नाहीं. नाथांचा महार जोहार करून उभा राहतो आणि बोलतो. महार-ब्राह्मण संवादांत तर तोच ब्राह्मणास प्रश्न टाकतो, तत्त्वज्ञान सांगतो, आणि ब्राह्मण थक्क होऊन ऐकतो. हिंदु-तुर्क संवादांत दोघे एकमेकांच्या देवधर्माचीं अशीं काय लक्तरें काढतात कीं आजच्या काळीं छापावयास संपादक बिचकेल; आणि भांडून दमल्यावर अखेर एकमेकांस भेटतात. दौलताबादेच्या सरकारी नोकरींतल्या गुरूचा शिष्यच हें लिहूं शकत होता.

येथें एक आक्षेप येईल. कोणी म्हणेल कीं, नाथांचा महार हा खरा महार नव्हे. त्याच्या तोंडून ब्राह्मण कविच वेदांत बोलतो. आक्षेपांत तथ्य आहे. चोखोबांनीं, ज्यांस मंगळवेढ्यास कोसळलेल्या भिंतीखालीं १३३८ सालीं मरण आलें, स्वतः जोहार केला होता. त्या जोहारांतील वेदना ही सोंगाची नव्हे. नाथांनीं ती भोगली नव्हती. परंतु सोंग घेणें म्हणजे काय, याचाहि विचार केला पाहिजे. ज्या काळीं सांवलीचाहि विटाळ मानीत त्या काळीं एका विद्वान ब्राह्मणानें शेंकडों लोकांसमोर गावयाच्या पदांत 'मी महार' असें म्हणावें, आणि तें नुसतें म्हणण्यावर न थांबतां श्राद्धाचें अन्न महारांस वाढल्याची, गोदेच्या तापल्या वाळवंटांत रडणारें त्यांचें पोर कडेवर घेतल्याची कथा मागें ठेवावी, याची किंमत त्यांस द्यावी लागलीच असेल. महिपतीनें आपल्या संतचरित्रांत या कथा सविस्तर सांगितल्या आहेत. त्यांतील चमत्कार बाजूस ठेवले तरी एक घरगुती गोष्ट उरते आणि ती चमत्काराहून खरी वाटते: नाथांचे चिरंजीव हरिपंडित वडिलांच्या या वागण्यावर रुसून काशीस निघून गेले. ज्यास घरांतूनच विरोध झाला त्याच्या सोंगास केवळ करमणूक कसें म्हणावें?

आतां आमचा मूळ प्रश्न. या हंसण्यानें काय झालें?

इंग्लंडांत १५३८ सालीं आठव्या हेन्रीच्या आज्ञेनें बेकेटची समाधि उध्वस्त झाली. नाथ तेव्हां बालवयांत असावे. १५३६ ते १५४० या चार वर्षांत तेथील सारे मठ मोडले. चॉसरचे मठवासी, भिक्षेकरी साधु, पापमोचनाचीं पत्रें विकणारे, सर्वांचा धंदाच बुडाला, आणि ज्या वाटेनें त्याचे यात्रेकरू गेले ती यात्राच बंद पडली. पण हें चॉसरनें केलें असें कोणी समजूं नये. तें राजाच्या घटस्फोटानें आणि मठांच्या जमिनींवरील लोभानें केलें. चॉसरचा उपहास सत्तेस किती निरुपद्रवी वाटे याचें गमतीचें प्रमाण म्हणजे १५४३ चा कायदा; धर्मविषयक अनेक पुस्तकांवर त्यानें बंदी घातली, आणि 'कँटरबरी कथां'स नांव घेऊन सूट दिली.

आमच्याकडे उलटें झालें. यात्रा टिकली, आजहि आषाढीस पैठणाहून नाथांची पालखी पंढरीस जाते. आणि यात्रेबरोबर नाथ ज्यास हंसले तेंहि टिकलें. न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० सालच्या आपल्या मराठी सत्तेच्या इतिहासांत संतांची तुलना युरोपांतील धर्मसुधारकांशीं केली, आणि ती वाचून आमच्या कित्येक पिढ्यांचा ऊर भरून आला. परंतु इरावती कर्वे वारींत चालल्या तेव्हां त्यांस काय दिसलें? एकाच विठ्ठलाचीं गाणीं गात चालणारे लोक जेवावयाच्या वेळीं जातीजातीनें वेगळे बसतात. पंढरीच्या देवळाचीं दारें अस्पृश्यांस उघडावीं म्हणून साने गुरुजींस प्राण पणास लावावा लागला तो मे १९४७ मध्यें. नाथांच्या समाधीस तेव्हां सुमारें साडेतीनशें वर्षें होऊन गेलीं होतीं. इतकीं वर्षें महाराष्ट्रानें महाराचें भारूड टाळ्या वाजवून ऐकलें, आणि त्याच्या शेवटीं महारास देवळाच्या पायरीशीं थांबविलें.

याचें कारण आमच्या मतें त्या आध्यात्मिक अर्थाच्या आम्हीं केलेल्या उपयोगांत आहे. नाथांनीं अर्थ दोन ठेवले: एक अंगणांतला, एक अंतःकरणांतला. आम्हीं दुसरा उचलला आणि त्याच्या आड पहिला दडविला. दंभाजी शेट्ये म्हणजे दंभ, असें म्हटलें कीं शेट्यास कांहीं विचारावयास नको. सून म्हणजे जीवात्मा, असें म्हटलें कीं सुनेचे हाल पाहावयास नकोत. महार म्हणजे देहभाव टाकलेला मुक्त पुरुष, असें एकदां ठरलें कीं वेशीबाहेरच्या महाराचा प्रश्नच मिटला! रूपकाचा असा उपयोग करणारा समाज कोणत्याहि कवीस पचवूं शकतो. त्याची पूजाहि करूं शकतो. चॉसरजवळ रूपकाचा हा पडदा नव्हता, म्हणून त्याचें हंसणें उघडें राहिलें. नाथांचें हंसणें अधिक दयाळु होतें, अधिक खालपर्यंत पोहोंचणारें होतें. पण आम्हीं त्यास सोंवळें नेसवून देव्हाऱ्यांत बसविलें.

तरीहि हीं भारुडें व्यर्थ गेलीं असें आम्हांस वाटत नाहीं. कायदा आणि सत्याग्रह जें करूं शकतात तें कविता करूं शकत नाहीं. पण ज्यांचीं नांवें कोणत्याहि बखरींत किंवा दफ्तरांत आलीं नसतीं, त्यांचा आवाज, त्यांची भाषा, त्यांचा राग आणि त्यांची थट्टा तिनें जपून ठेविली. इतिहासाच्या विद्यार्थ्यास सोळाव्या शतकांतील राजांच्या लढाया पुष्कळ ठिकाणीं वाचावयास मिळतात. त्या राज्यांतल्या सुनेस काय वाटत होतें हें नाथांखेरीज त्यास कोण सांगेल? म्हणून आमची शिक्षकांस विनंति अशी कीं, चॉसरची प्रस्तावना वर्गांत वाचून झाली कीं त्याच तासास नाथांची अर्जदास्त वाचावी. आणि गृहस्थांस विनंति अशी कीं, घरांत भारूड म्हटलें जाईल तेव्हां अध्यात्म सांगण्याची फार घाई करूं नये. आधीं मुलाबाळांस व सुनांस पोटभर हंसूं द्यावें, आपण कोणास हंसलों हें त्यांस विचारावें, आणि मग परमार्थाकडे वळावें. नाथांचा क्रमहि तोच होता.